परका स्पीकर आणि कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर

मोटारगाडी विकत घेताना इंजिनाची ताकद, इंधनाचा हिशेब आणि कर्जाचा हप्ता यांची कसून चौकशी करणारा गृहस्थ तिच्यातील संगीतयोजनेकडे सहसा लक्ष देत नाही. ते लक्ष जाते पुढे काही महिन्यांनी, एखाद्या लांबच्या प्रवासात, जेव्हा आवाज जरा चढवताच डग्ग्याचा घुमारा नाहीसा होऊन त्याच्या जागी नुसती थडथड उरते आणि गायिकेच्या स्वराला तारसप्तकात एक कर्कश धार चढते. मग तो अ‍ॅक्सेसरीच्या दुकानाची पायरी चढतो. कंपनीने बसवून दिलेले स्पीकर म्हणजे निव्वळ कागद, असा निर्वाळा त्याला तेथे मिळतो, ३०० वॉटचा आकडा ठळक अक्षरांत मिरवणारे एक खोके त्याच्यासमोर उघडले जाते, आणि बघता बघता जुने स्पीकर उतरून नवे दारांत बसतात. पुष्कळदा याने आवाज सुधारतो, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु कित्येकदा असेही घडते की दुप्पट-तिप्पट किंमत मोजूनही आवाज पूर्वीपेक्षा मंद, पातळ किंवा चमत्कारिक होतो, आणि दुकानदार व गिऱ्हाईक एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. वस्तुतः दोष बहुधा त्या दोघांपैकी कोणाचाच नसतो, आणि नव्या स्पीकरचाही नसतो. गाडीच्या कारखान्यात अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, दाराची पोकळी आणि ध्वनीला आकार देणारी यंत्रणा यांच्यात एक तहनामा झालेला असतो. त्यातील एक पक्ष इतरांच्या परस्पर बदलला, की बाकीची कलमे निरर्थक ठरतात.

या तहनाम्याचे पहिले कलम गाडीच्या बॅटरीने लिहिले आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची असे. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास ती १२ व्होल्टची झाली आणि आजही बहुतेक मोटारींत तीच वहिवाट चालू आहे. इंजिन चालू असताना हा दाब साधारणतः १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. घरातील अ‍ॅम्प्लिफायरला भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रवाह हवा तसा बदलून घेता येतो. मोटारीतील साध्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र या चौदा-साडेचौदा व्होल्टांतच संसार करावा लागतो. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम याने १८२७ साली मांडलेला नियम येथे निष्ठुरपणे लागू पडतो: दाब ठरलेला, आणि तारेच्या वेटोळ्याचा विरोधही ठरलेला, तर त्यातून वाहणारा प्रवाह, आणि पर्यायाने मिळणारी शक्ती, यांवर कोणाचीही मखलाशी चालत नाही.

हिशेब मांडूनच पाहू. स्पीकरची दोन्ही टोके अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन स्वतंत्र अर्ध्यांना जोडून, एक वर जात असता दुसरे खाली आणण्याची ‘ब्रिज’ म्हणून ओळखली जाणारी युक्ती योजली, तर स्पीकरला जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचा शिखरदाब मिळू शकतो. शुद्ध स्वराच्या तरंगात याची परिणामकारक किंमत सुमारे १०.२ व्होल्ट होते. तिचा वर्ग करून ४ ओहमने भागले, म्हणजे २६ वॉट येतात, आणि ट्रान्झिस्टरांत होणारी गळती वजा जाता प्रत्यक्ष हाती पडतात ते वीसच्या आसपास. मग टेपच्या पाटीवर ‘५० वॉट गुणिले ४’ असे छापलेले असते ते कोठून येते? १४.४ चा वर्ग करून त्याला सरळ ४ ने भागावे. उत्तर ५२ च्या जवळ येते. म्हणजे तरंगाची माथी पार कापली जाऊन त्याचा चौकोन झाला, संगीत ओळखू येईनासे झाले, तरच ती शक्ती मिळणार! आकडा खोटा नाही. पण ज्या अवस्थेत तो खरा ठरतो, त्या अवस्थेत गाणे ऐकण्याची इच्छा कोणालाही होणार नाही. खोक्यावरील ‘३०० वॉट’ या आकड्याची कैफियत तर आणखी निराळी आहे. स्पीकर किती शक्ती निर्माण करील, हे तो सांगत नाही, कारण स्पीकर शक्ती निर्माण करीतच नाही. क्षणभर किती शक्ती सोसेल, एवढेच तो सांगतो. २० वॉट देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे ३०० वॉट सोसणारा स्पीकर ठेवला काय आणि ६० वॉट सोसणारा ठेवला काय, त्या आकड्यापुरता काडीचाही फरक पडत नाही.

आता गाडीच्या कारखानदारासमोरची अडचण लक्षात घ्यावी. त्याला आवाज मोठा हवा आहे. परंतु दाब वाढवण्यासाठी स्वतंत्र परिवर्तक बसवायचा तर खर्च, वजन, उष्णता आणि रेडिओत शिरणारी खरखर या सर्वांची तजवीज करावी लागते. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे स्पीकरच्या वेटोळ्याचा विरोधच कमी करणे. ४ ओहमच्या जागी २ ओहमचे वेटोळे घातले, की त्याच १४.४ व्होल्टांतून तत्त्वतः २६ ऐवजी ५२ वॉट निघतात, आणि एक ओहमवर आणले तर त्याच्याही दुप्पट. मात्र तेवढा प्रवाह पुरवण्याची ऐपत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मुळातच ठेवलेली असली पाहिजे. म्हणून ज्या गाड्यांत कंपनीने स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर दिलेला असतो, त्यांच्या दारांत २ ओहमचे, क्वचित त्याहूनही कमी विरोधाचे स्पीकर आढळतात, तर ज्यांत अ‍ॅम्प्लिफायर टेपच्याच पोटात असतो, त्यांत बहुधा ४ ओहमचे असतात. ही योजना परिणतीला नेण्याचे मोठे श्रेय अमर बोस यांच्याकडे जाते. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे इंग्रजी राजवटीविरुद्धच्या चळवळीत पडल्यामुळे बंगाल सोडून अमेरिकेस गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक झाला आणि १९६४ मध्ये त्याने स्वतःच्या नावाची कंपनी स्थापन केली. जनरल मोटर्सच्या सहकार्याने या कंपनीने तयार केलेली योजना १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत प्रथम आली. तिचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक स्पीकरला त्याची स्वतःची पेटी आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर होता, आणि हे सारे त्या विशिष्ट गाडीच्या अंतर्भागाला अनुसरून घडवलेले होते. अशा गाडीतील एखादा स्पीकर उचलून दुसऱ्या गाडीत घालणे, किंवा त्याच्या जागी बाजारातला घालणे, हा पट्टी न विचारता तबला जमवून बैठकीला बसण्याचा प्रकार आहे. तबला कितीही नामांकित असो, गायकाला त्याचा उपयोग नाही.

हीच पद्धती आज आपल्याकडील गाड्यांतही उतरली आहे. टाटांच्या हॅरियरच्या वरच्या श्रेणीत जेबीएलचे ९ स्पीकर आले, महिंद्रांच्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या श्रेणीत सोनीचे १२. जेबीएल ही हारमन समूहातील कंपनी, आणि त्या समूहाचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळच, चाकणला आहे. त्यामुळे ‘कंपनीचे स्पीकर म्हणजे कागद’ हे दुकानी वचन सरसकट स्वीकारण्याचे दिवस आता राहिले नाहीत. आणि कागद म्हणजे हलक्या प्रतीचा, ही समजूत तरी कोठून रूढ झाली, कळत नाही. १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये आजच्या स्पीकरचा पूर्वज सिद्ध केला तेव्हापासून कागदाचा शंकू हा हलकेपणा आणि ताठरपणा यांच्या संयोगामुळे अभियंत्यांना प्रियच राहिला आहे, आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज काढण्याच्या कामी तो पुष्कळशा चकचकीत प्लास्टिकपेक्षा सरस ठरतो.

मग २ ओहमच्या जागी ४ ओहमचा स्पीकर बसवला तर काय होते? अनर्थ होत नाही. अ‍ॅम्प्लिफायरवरील ओझे उलट हलके होते; मात्र त्याच दाबाला प्रवाह निम्मा वाहतो, शक्ती निम्मी मिळते, आणि ध्वनीची पातळी ३ डेसिबलने उतरते. कानाला आवाज निम्मा वाटण्यास सुमारे १० डेसिबलची घट लागते, त्यामुळे ३ डेसिबल हा काही सर्वनाश नव्हे. परंतु आवाजाची कळ प्रत्येक वेळी थोडी अधिक फिरवावी लागते, आणि ती जितकी फिरवावी तितके तरंगाची माथी कापली जाण्याचे स्थान जवळ येते. याउलट ४ ओहमसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला २ ओहमचा स्पीकर जोडला, तर आरंभी आवाज वाढल्याने गिऱ्हाईक खूश होते, आणि प्रवाह दुप्पट झाल्याने अ‍ॅम्प्लिफायर तापू लागतो. सुदैव असेल तर त्यातील संरक्षक मंडल वेळीच आवाज बंद करते, नसेल तर खर्च टेपच्या दुरुस्तीवर जातो. या दोन चुकांपैकी पहिली निरुपद्रवी आणि दुसरी घातक आहे, एवढा विवेक राखला तरी पुष्कळ नुकसान टळेल.

दुसरी बाब संवेदनक्षमतेची, आणि माझ्या मते खरेदीच्या वेळी सर्वांत आधी पाहण्याजोगी हीच. विशिष्ट विद्युत्शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज करतो, याचा दाखला प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या तक्त्यात दिलेला असतो. बाजारातील पुष्कळ देखणे स्पीकर जड शंकूचे आणि लांब वेटोळ्याचे असतात. मोठ्या स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरच्या १०० वॉटांवर ते उत्तम खर्ज देतात, पण २० वॉटांवर ते जागेही होत नाहीत. समजा, कंपनीचा २ ओहमचा स्पीकर काढून आपण ४ ओहमचा आणि त्यातही ३ डेसिबलने मंद असा स्पीकर घातला, तर दोन्ही मिळून ६ डेसिबलचा तोटा झाला. म्हणजे पूर्वीचा आवाज मिळवण्यास अ‍ॅम्प्लिफायरला चौपट शक्ती द्यावी लागेल, जी त्याच्यापाशी नाहीच. म्हणून कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर कायम ठेवायचा असेल तर ९० डेसिबलच्या वरचा स्पीकर पाहावा, आणि त्यातही एक बारकावा ध्यानात ठेवावा: काही तक्त्यांत हा आकडा एक वॉटला दिलेला असतो, काहींत २.८३ व्होल्टला. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट. ४ ओहमच्याला तेच दोन वॉट आणि २ ओहमच्याला चार वॉट होतात, त्यामुळे आकडा अनुक्रमे ३ आणि ६ डेसिबलने फुगलेला दिसतो. यात फसवणूक आहे असे मात्र समजू नये, कारण अ‍ॅम्प्लिफायर हा मूलतः दाबच पुरवतो, आणि एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर दोन स्पीकरांची तुलना करायची तर समान व्होल्टांवरील आकडेच अधिक उपयोगी पडतात. फक्त एका स्पीकरचा वॉटांवरील आकडा दुसऱ्याच्या व्होल्टांवरील आकड्याशी ताडून पाहू नये. हारमनच्याच इन्फिनिटी आणि जेबीएल या नाममुद्रांनी कमी विरोधाच्या वेटोळ्यांचे, अधिक संवेदनक्षम असे स्पीकर अशाच परिस्थितीसाठी बाजारात आणले आहेत. कंपनीच्या बारीक तारांत जो थोडाफार विरोध असतो तोही त्यात हिशेबी धरलेला असतो.

येथवर गणिताने साथ दिली. पुढचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. कारखान्यातील अभियंता आपल्या स्पीकरचे गुणदोष जाणून असतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा संकेतच तो त्याप्रमाणे वाकवून ठेवतो: जेथे स्पीकर दुबळा तेथे उठाव, जेथे तो किंवा दाराचा पत्रा कर्कश तेथे उतार, आणि आवाज चढू लागला की लहानशा शंकूचा प्राण जाऊ नये म्हणून खर्ज हळूहळू आवरता घेणे. हा चष्मा एका विशिष्ट डोळ्यासाठी घासलेला नसून कानासाठी घासलेला असला, तरी परक्याला तो लागू पडत नाही. नवा, मुळात निर्दोष स्पीकर लावला की त्याला नको असलेला उठाव आणि नको असलेला उतार त्याच्या माथी बसतो. गिऱ्हाईक म्हणते, स्पीकर महाग पण आवाज कृत्रिम. शिवाय कितीही चांगला स्पीकर आणला तरी आवाज चढवताना खर्ज गळतो तो गळतोच, कारण ती आज्ञा स्पीकरची नसून अ‍ॅम्प्लिफायरची आहे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे स्वरांची वाटणी. स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या कित्येक गाड्यांत दारातील वूफर आणि खांबातील ट्वीटर यांना निरनिराळ्या वाहिन्या दिलेल्या असतात, आणि उंच स्वर कोणाकडे, खर्ज कोणाकडे, याचा निवाडा अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच होतो. अशा दारात कोॲक्सियल स्पीकर, म्हणजे ज्याच्या मध्यभागीच छोटा ट्वीटर बसवलेला आहे असा, घातला तर त्या ट्वीटरपर्यंत उंच स्वर पोचतच नाहीत. तो शोभेपुरता उरतो. साध्या गाड्यांत उलट परिस्थिती असते: दोन्ही स्पीकर एकाच वाहिनीवर समांतर जोडलेले, आणि ट्वीटरच्या वाटेत फक्त एक छोटा कपॅसिटर. हा कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरडचा आणि ट्वीटर ४ ओहमचा असेल, तर सुमारे ८५०० हर्ट्झच्या खालचे स्वर तो अडवू लागतो. त्याच कपॅसिटरवर ८ ओहमचा ट्वीटर लावला की ही सीमा ४२०० च्या आसपास उतरते, आणि जे जड स्वर त्या नाजूक पडद्यासाठी नव्हते ते त्याच्यावर येऊन आदळतात. कपॅसिटर जुन्या ट्वीटरच्या पाठीवरच डकवलेला असल्यामुळे तो ट्वीटरबरोबर निघून जातो आणि नवा ट्वीटर निराधार जोडला जातो, हाही प्रकार दुर्मीळ नाही. असा ट्वीटर फार दिवस टिकत नाही. आणि मूळचा ट्वीटर जागेवर ठेवून दारात मात्र कोॲक्सियल बसवला, तर वरच्या स्वरांना दोन ट्वीटर समांतर मिळतात, तेवढ्या पट्ट्यात भार ४ वरून २ ओहमवर येतो आणि आवाजही डोळ्यांत पाणी येईल इतका तीक्ष्ण होतो.

काही युरोपीय गाड्यांत तर दुकानदाराला हात घालण्यास जागाच ठेवलेली नाही. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरिजपासून ‘मोस्ट’ नावाची प्लास्टिकच्या प्रकाशतंतूंची वाहिनी रूढ झाली. तिच्यात टेपपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत गाणे प्रकाशाच्या ठिपक्यांतून अंकरूपाने जाते, आणि ते ऐकण्याजोग्या विद्युत्संकेतात बदलते ते अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच. असा अ‍ॅम्प्लिफायर काढून टाकणे म्हणजे साखळीतील कडीच काढणे होय. शिवाय हल्लीचे काही अ‍ॅम्प्लिफायर जोडलेल्या स्पीकरची विद्युतीय तपासणी करतात आणि ओळखीचा भार न आढळल्यास दोषाची नोंद करून ठेवतात.

तेव्हा खरेदीपूर्वी रुजुवात करावी ती अशी. सीटखाली किंवा डिकीच्या कडेला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आहे काय ते पाहावे. मग एक दार उघडून स्पीकर उतरवावा. चुंबकाच्या पाठीवर ओहमचा आकडा बहुधा छापलेला असतो. नसल्यास तार सोडवून मल्टिमीटर लावावा: ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.६ दाखवतो, २ ओहमचा १.६ ते १.८. मोजणी छापील आकड्यापेक्षा कमी येते ते साहजिक आहे, कारण मीटर स्थिर प्रवाहाचा विरोध मोजतो आणि छापलेला आकडा बदलत्या प्रवाहाचा, जो दर स्वरागणिक वरखाली होत असतो. त्यानंतर ट्वीटरची तार सोडवून नुसता दाराचा स्पीकर ऐकावा. त्यातून फक्त गुदमरलेला आवाज आला, तर स्वरांची वाटणी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होत असण्याचा संभव मोठा. मापाची बाब सोपी आहे, साडेसहा इंची की सहा बाय नऊ एवढेच. फक्त खोली मोजताना काच पूर्ण खाली उतरवून मोजावी.

जोडणीत दोन नियम मोडू नयेत. ब्रिज पद्धतीत स्पीकरच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात, म्हणून ऋण तार गाडीच्या पत्र्याला कधीही टेकवू नये. जुन्या गाड्यांच्या सवयीने काही कारागीर ते करतात आणि अ‍ॅम्प्लिफायर जळतो. दुसरा नियम धन-ऋणाचा: दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवला असता शंकू बाहेर आला, तर सेलच्या धन टोकाकडचे ते धन. एक स्पीकर बाहेर येत असता दुसरा आत जाऊ लागला, तर दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात, आणि दोष उगाचच मालाला दिला जातो. वायरिंग कापण्याऐवजी त्या गाडीचा कपलर मागावा. आणि स्पीकर व दार यांमधील फटी बुजवून आतल्या पत्र्याला डॅम्पिंग शीट लावण्याचा आग्रह धरावा. शंकूच्या पाठीमागचा आवाज पुढच्या आवाजात मिसळून तो खर्ज पुसून टाकतो, त्याला प्रतिबंध झाला की कित्येक गाड्यांत कंपनीचाच स्पीकर असा काही बोलू लागतो की नव्याची खरेदी पुढे ढकलावी.

एवढे करूनही आवाज मनासारखा न झाल्यास, स्पीकरमागून स्पीकर बदलत बसण्यापेक्षा, कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून निघणारा संकेत घेऊन त्यातील उठाव-उतार सपाट करणारा प्रोसेसर आणि त्यापुढे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर बसवणे हा मार्ग उरतो. तो खर्चिक आहे, पण सुसंगत आहे, आणि मग ४ ओहमचे, जड शंकूचे, ३०० वॉटची बढाई मारणारे स्पीकरही आपल्या योग्यतेला पोचतात. मूळचे स्पीकर मात्र त्यांच्या कपलरांसह आणि कपॅसिटरांसह जपून ठेवावेत. वॉरंटीचा वाद उद्भवला किंवा गाडी विकायची झाली, म्हणजे त्यांची गरज पडते.